मिरगातली फिरती : रत्नागिरी ते रत्नागिरी, दोन फेऱ्यांत

डॉक्टरांना भेटत फिरणाऱ्या औषध कंपनीतल्या माणसाला पुढच्या महिन्याचा टीपी, म्हणजे फिरतीचा आराखडा, आधीच भरून द्यावा लागतो. बहुतेक जण डॉक्टरांची यादी समोर घेतात, त्यावरून गावं ठरवतात, गावांवरून लॉज, आणि राहिलेल्या फटींत स्वतःची साखर, कंबर आणि घर बसवतात. मधुमेह असलेल्याने क्रम उलटा लावावा. आधी जेवणाच्या वेळा, मग घरी झोपायची रात्र, आणि डॉक्टर सगळ्यांत शेवटी. खालची सहा दिवसांची फिरती तशी आखलेली आहे. मुख्यालय रत्नागिरी, महिना जून, छोटी चारचाकी. माणूस पन्नाशीच्या आतबाहेरचा : सकाळी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन, रात्री ग्लार्जिन इन्सुलिन, कंबरेत जुनी कळ. घरी शाळकरी मुलं आणि गोळ्या चालू असलेली म्हातारी आई.

उत्तर रत्नागिरी एका दमात आणि सिंधुदुर्ग दुसऱ्या दमात करायचा, मधे गुरुवारची रात्र घरी. बाहेरच्या रात्री चार होतात, पण सलग तीनच. चौथ्या सलग रात्री जेवण, झोप आणि औषध तिन्हींचं वेळापत्रक ढिलं पडतं, हे फिरतीवरच्या कुणालाही विचारा.

रविवार संध्याकाळ : पिशवी

गोळ्या सहा दिवसांच्या नाही, नऊ दिवसांच्या घ्याव्यात. मिरगात घाटात दरड आली तर एक रात्र सहज वाढते. त्या स्ट्रिपमध्येच ठेवाव्यात. सुट्या करून डबीत भरल्या की कोकणातल्या दमट हवेत काही गोळ्या मऊ पडतात, शिवाय कुठली कुठली ते ओळखता येत नाही. तीन दिवसांचा वेगळा साठा दुसऱ्या पिशवीत. चिठ्ठीचा फोटो आपल्या मोबाइलमध्ये आणि घरच्याही.

इन्सुलिनच्या थंडाव्याची लोक गरजेपेक्षा जास्त काळजी करतात. न उघडलेलं पेन २ ते ८ अंश तापमानात ठेवायचं, हे खरं. पण वापरात असलेलं ग्लार्जिनचं पेन ३० अंशांच्या आत २८ दिवस चालतं. म्हणजे सहा दिवसांच्या फिरतीला एका पेनासाठी फ्रीज लागतच नाही. पेनावर उघडल्याची तारीख लिहिली की झालं. जास्तीचं एक पेन नेलं तर तेही बाहेरच ठेवावं आणि त्यावरही फ्रीजमधून काढल्याची तारीख टाकावी. लॉजच्या फ्रीजवर भरवसा ठेवू नये. तिथे पेन मागच्या भिंतीला किंवा बर्फाच्या कप्प्याला लागलं की गोठतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळून स्वच्छ दिसलं तरी वाया गेलेलंच असतं. पाण्यात भिजवून वापरायचे थंडाव्याचे पाऊच देशावर चांगले चालतात, इथे जूनमध्ये नाही. त्यांचा गारवा पाणी सुकण्यातून येतो, आणि मिरगात दोरीवरचा टॉवेल दोन दिवस सुकत नाही तिथे पाऊच काय सुकणार? खरा शत्रू म्हणजे उघडीप पडल्यावर उन्हात उभी केलेली बंद गाडी. पेनाची पिशवी डिकीत किंवा डॅशबोर्डवर नाही, खांद्यावर.

साखर मोजायच्या पट्ट्यांची बाटली पट्टी काढल्याबरोबर बंद करावी. पट्ट्यांना ओल लागली की मशीन चूक दाखवतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे चुकीचा आकडा दाखवतं. तसाच दुसरा फसवा आकडा आंब्याचा. रायवळ चोखून हात नुसते पुसले आणि बोट टोचलं तर बोटावरची साखर रक्तात मोजली जाते. हात साबणाने धुऊन कोरडे करूनच टोचावं.

साखर उतरली तर लागणारं ग्लुकोज लहान फिरकीच्या बाटलीत भरावं. कागदाच्या पुडीत ते दोन दिवसांत दगड होतं. तीन सपाट चमचे म्हणजे साधारण १५ ग्रॅम. अशा दोन बाटल्या : एक अंगावर, एक गाडीत हाताला लागेल तिथे. ओआरएसच्या पुडीवर विसंबू नये. एक लिटरच्या पुडीत ग्लुकोज असतं १३.५ ग्रॅम, आणि तेवढ्यासाठी लिटरभर पाणी प्यावं लागतं. ती जुलाबासाठी ठेवावी.

घरासाठी तयारी वेगळी. आईच्या गोळ्या आठवड्याच्या डब्यात वारांप्रमाणे भरून द्याव्यात. फ्रीजच्या दारावर एक कागद : गॅसचा ग्राहक क्रमांक, शाळेच्या रिक्षावाल्याचा, वायरमनचा आणि घराजवळच्या डॉक्टरांचा नंबर, आणि कुठल्या रात्री कुठल्या गावात कुठला लॉज. शेवटची ओळ लोक लिहीत नाहीत. मोबाइल लागत नाही तेव्हा घरच्यांना तीच हवी असते.

सोमवार : रत्नागिरी – संगमेश्वर – चिपळूण

शाळा १५ जूनच्या सुमारास उघडतात. शाळेचा पहिला दिवस आणि फिरतीचा सोमवार एकत्र आले तर मुलांना सोडून साडेनऊला निघावं. चिपळूणची सकाळची ओपीडी हुकते, संध्याकाळची मिळते. एरवी साडेसहाला, घरून खाऊन. ग्लिमेपिराइड घ्यायची ती नाश्त्याबरोबर. ‘गोळी घेतली, खायचं वाटेत बघू’ यातून महामार्गावर जितके घोळ होतात तितके खड्ड्यांमुळे होत नसतील. ही गोळी पोटात अन्न नसतानाही साखर उतरवत राहते.

निघण्याआधी साखर मोजावी. ९० च्या खाली असेल तर खाऊनच चाक हातात घ्यावं. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटं थांबणं, पुन्हा मोजणं, तरीही कमी असेल तर तेवढंच परत. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातली चरबी साखर सावकाश चढू देते. आकडा वर आल्यावर बिस्किटं, पोळी असं काही खावं आणि त्यानंतरही पाऊण तास गाडी चालवू नये. आकडा सावरला तरी डोकं सावरायला वेळ लागतो. आणखी एक गोष्ट मिरगातलीच. साखर उतरल्याची पहिली खूण घाम, पण या दिवसांत घाम सगळ्यांनाच येतो. त्यामुळे थरथर, अचानक लागलेली भूक, विनाकारण चिडचीड, समोरच्या पाट्या पुन्हा वाचाव्या लागणं या खुणांवर लक्ष ठेवावं. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर थरथर आणि धडधडही दबते. अशा माणसाला मशीनशिवाय खात्रीचा इलाज नाही.

हातखंब्याला महामार्ग लागतो. संगमेश्वरला दोन-तीन भेटी, तिथेच गाडीतून उतरून पाच मिनिटं चालणं. कंबरेला दोन तासांपेक्षा जास्त सलग बैठक मानवत नाही. मागच्या खिशातलं पाकीट काढावं, ते एका बाजूचा खुबा उचलून धरतं. सॅम्पल आणि टॅबची एका खांद्यावरची बॅग सात-आठ किलोची होते. कंपनी तीच देत असली तरी आपल्या पैशाने पाठीवरची सॅक घ्यावी, दोन्ही पट्टे लावून. आठवड्याच्या आत फरक कळतो.

जेवण चिपळूणला दीड वाजता. डॉक्टरांच्या दारात रांगेत तिसरा नंबर असला तरी दीड म्हणजे दीड. नंबर सहकाऱ्याला द्यावा. बॅगेत मूठभर फुटाणे-शेंगदाणे असावेतच, पण ते जेवणाला पर्याय नव्हे.

चिपळूणचा लॉज निवडताना आधी उंची बघावी, मग दर. वाशिष्ठीला पावसाचं पाणी येतं, वरून कोयनेच्या वीजनिर्मितीचं अवजल येतं, आणि खाली समुद्राची भरती ते अडवून धरते. २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ या पुराच्या दोन तारखा बाजारपेठेतले लोक अजून घराच्या भिंतीवर बोट ठेवून दाखवतात. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकत्र असतील त्या रात्री तळमजल्यावरची खोली घेऊ नये, गाडी चढावर लावावी, औषधांची पिशवी खोलीत वर.

घरचा फोन सव्वासहाला. रात्री दहाला नाही. संध्याकाळच्या ओपीडी साडेनऊपर्यंत चालतात, तोवर मुलं झोपतात आणि बायको किंवा नवरा दिवसभराच्या कामाने आंबलेला असतो. सहाला लॉजवर टेकायचं, पाय धुवायचे, फोन, मग ओपीडी. फोनवर ‘अभ्यास केला का’ पेक्षा ‘आज डब्यात काय होतं’ हे जास्त बोलतं करतं.

रात्रीचं जेवण ओपीडीमुळे लांबतं तेव्हा इन्सुलिनचा प्रकार महत्त्वाचा. ग्लार्जिन जेवणाला बांधलेलं नसतं, ते रोज एकाच वेळी घ्यायचं, गजर लावून. मिश्र इन्सुलिन असेल तर गोष्ट वेगळी. ते टोचून डॉक्टरांच्या दारात बसणं म्हणजे आपणच पेशंट व्हायची तयारी. जुन्या मानवी मिश्र इन्सुलिनला जेवणाआधी अर्धा तास लागतो, म्हणून जेवणाची वेळ नक्की हाताशी आल्यावरच टोचावं. नव्या प्रकारचं ताट समोर आल्यावर. फिरती वाढली असेल तर कुठला प्रकार परवडेल हे आपल्या डॉक्टरांना सरळ विचारावं. त्यांना तुमचं वेळापत्रक माहीत नसतं.

मंगळवार : चिपळूण – लोटे – खेड – दापोली

अंतर थोडं, पण परशुराम घाट मधे आहे. दरडीमुळे वाहतूक थांबली तर दोन मिनिटं की तीन तास, सांगता येत नाही. गाडीत लिटरभर पाणी आणि एक सुकं खाणं हवं. रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी सकाळी घेऊन घाटात अडकणं फार त्रासाचं, विशेषतः बाईमाणसाला. यावर लोक दोन चुकीचे उपाय करतात : गोळी बुडवतात किंवा पाणी पीत नाहीत. पहिल्याने दाब वाढतो. दुसऱ्याने साखर घट्ट होते, आणि मूतखड्याची खोड असेल तर तीही जागी होते. ती गोळी मुक्कामी पोचल्यावर दुपारी घेतली तर चालेल का, हे एकदा विचारून घ्यावं, बऱ्याचदा चालतं.

लोट्याला कारखान्यांचे डॉक्टर, खेडला दुपार, संध्याकाळी दापोली. दापोली पठारावर असल्याने हवा किनाऱ्यापेक्षा गार, झोप चांगली लागते. गादी मात्र बघून घ्यावी. खोल खड्डा पडणाऱ्या फोमच्या गादीवर कंबर सकाळी उभी राहू देत नाही, त्यापेक्षा खाली गोधडी घालून झोपलेलं बरं. या दिवसाबद्दल आणखी सांगण्यासारखं फार नाही.

बुधवार : दापोली – दाभोळ – धोपावे – गुहागर

या फिरतीचं गणित बुधवारच्या फेरीबोटीवर उभं आहे. दापोलीहून गुहागरला रस्त्याने जायचं तर खेड, चिपळूण असा शंभराच्या वर किलोमीटरचा वळसा, तोही आलेल्याच रस्त्याने. दाभोळला वाशिष्ठीच्या मुखाशी गाडी बोटीत चढवली की पंधराएक मिनिटांत धोपावे, आणि तिथून गुहागर हाकेवर.

बोट पकडताना भरती-ओहोटी बघावी. ओहोटीला धक्क्याचा उतार जास्त उघडा पडतो, आणि एरवी पाण्याखाली असलेला खालचा भाग शेवाळलेला असतो. चारचाकी पहिल्या गिअरमध्ये, क्लच न दाबता. दुचाकी असेल तर बसून नव्हे, उतरून, आणि पुढचा ब्रेक अजिबात नको. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून गेल्या बुधवारचा अनुभव या बुधवारी कामाचा नाही. वारा फार असेल तर फेऱ्या बंद ठेवतात आणि रात्रीही थांबतात. निघण्याआधी दापोलीतूनच फोन करून विचारावं. बंद असेल तर गुहागर सोडून द्यावं, खेड-चिपळूणमार्गे रत्नागिरी गाठावी आणि गुहागर पुढच्या महिन्यात टाकावं. मॅनेजर कुरकुरेल, कुरकुरू दे. दिवसाला दोनशे किलोमीटर आणि अर्धवट जेवण करून भरलेल्या भेटी डॉक्टरांच्याही लक्षात राहत नाहीत.

बोटीतला वेळ रिपोर्ट भरायचा. दिवसभराच्या भेटींचा अहवाल, म्हणजे डीसीआर, रात्रीसाठी ठेवला की झोपेतला तास जातो, आणि गुरुवारी घरी पोचल्यावर भरायचा ठेवला तर ती रात्र घरची राहत नाही.

पाय आज तपासायचे. तीन दिवस ओले मोजे घातले की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. मधुमेहात पायाची जाणीव कमी असेल तर जखम दिसेपर्यंत कळत नाही. बुटांचे दोन जोड आलटून पालटून, आत वर्तमानपत्राचे बोळे, बेचक्या कोरड्या पुसून. तळवा दिसत नसेल तर मोबाइलने फोटो काढून बघावा. पायाला चीर असताना शेताच्या बांधावरून किंवा साचलेल्या पाण्यातून अनवाणी जाणं टाळावं. लेप्टोच्या तापाचे जंतू त्याच वाटेने शिरतात. नंतर ताप आणि पोटऱ्यांत जबर दुखणं आलं तर पॅरासिटामॉलवर दिवस ढकलू नयेत.

गुहागरला जेवण मासळीचं. थाळीत खरा प्रश्न भाताचा. आधी आमटीतला मासा आणि भाजी, मग एक भाकरी, भात शेवटी आणि वाटीभरच. नाचणीची मिळाली तर तांदळाच्या भाकरीपेक्षा ती बरी. कुळथाची पिठी मागितली तर मिळते, फक्त मागावी लागते. सोलकढी आणि कोकम सरबत यांत गल्लत नको. पहिलीत नारळाचा रस, दुसऱ्यात साखरेचा पाक. ‘कोकम प्रकृतीला चांगलं’ म्हणत दुपारी तीन ग्लास सरबत पिणारे मधुमेही पुष्कळ आहेत.

गुरुवार : गुहागर – तवसाळ – जयगड – रत्नागिरी

पालशेत, हेदवीमार्गे तवसाळ, तिथून शास्त्री नदीच्या खाडीवरची दुसरी बोट, पलीकडे जयगड. हेदवीच्या बाजूला नेटवर्क मधेच जातं, म्हणून ‘दुपारपर्यंत फोन लागणार नाही’ हे सकाळीच घरी सांगून ठेवावं. नाही तर आई दर अर्ध्या तासाने विचारत राहते. मालगुंड, गणपतीपुळ्याचे डॉक्टर दुपारी करून पाचच्या आत घर.

पाच वाजता घरी पोचलेला माणूस आणि नऊ वाजता पोचलेला माणूस यांच्यात फार फरक असतो. म्हणून गुरुवारी रत्नागिरीतले डॉक्टर लावायचे नाहीत. शाळेची वही, मोडकी छत्री, आईच्या डब्यातल्या न घेतलेल्या गोळ्या हे सगळं आज. डब्यात मंगळवारची गोळी तशीच दिसली तर रागावण्याआधी कारण विचारावं. अनेकदा गोळी कडू किंवा मोठी असते, किंवा तिने पोटात जळजळतं, आणि फोनवर हे कुणी सांगत नाही.

शुक्रवार : रक्त, मग रेल्वे

एचबीएवनसी, म्हणजे गेल्या काही महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी, साधारण तीन महिन्यांनी बघायची असते. तिला उपाशी असणं लागत नाही, पण तिच्याबरोबर उपाशीपोटीची साखर, क्रिएटिनिन आणि लिपिड करतात त्यांना घरी झोपून उठलेली सकाळ सोयीची. ती शुक्रवारचीच. म्हणून तिमाहीत एक शुक्रवार टीपीमध्ये आधी लाल करून ठेवावा, पालकसभेसारखाच. नमुना सातला, गोळी आणि नाश्ता त्यानंतर.

सिंधुदुर्गाला गाडी नेऊ नये. कंबरेला आराम म्हणून आज रेल्वे. रत्नागिरी स्टेशन शहरापासून लांब, कुवारबावला. रिक्षाचा वेळ धरावा. कोकण रेल्वे पावसाळ्यात वेगळ्या वेळापत्रकाने धावते, आणि मुसळधार पावसात चालकांना ताशी ४० किलोमीटरचा वेग ठेवायच्या सूचना असतात. म्हणून कणकवलीची पहिली भेट गाडी पोचायच्या वेळेनंतर दोन तासांनी घ्यावी, आणि जेवणाचा डबा घरून. गाडी वाटेत कुठे थांबून राहिली तरी डबा जवळ असतो. ही लाइन सुरू व्हायच्या आधी हा पल्ला एसटीतच बसून काढावा लागे. तेव्हाच्या प्रतिनिधींच्या कंबरा कशा होत्या ते त्यांनाच विचारा.

कणकवलीला दुपार, मुक्काम कुडाळला. पोट बिघडायचं असेल तर साधारण याच दिवशी बिघडतं, चार दिवसांचं बाहेरचं पाणी असतं. उलट्या-जुलाब सुरू झाले तर इन्सुलिन आपल्या मनाने पूर्ण बंद करू नये. साखर दर चार तासांनी मोजावी, ओआरएस घोट घोट घ्यावं. मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या अशा वेळी थांबवायच्या असतात, पण फोन करून. डापाग्लिफ्लोझिन चालू असताना अन्न-पाणी तुटलं तर साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. पोटात काही टिकत नाही, साखर दोनदा ३०० च्या वर, धाप, छातीत दाब, यांपैकी एकही असेल तर फिरती तिथेच संपली. १०८ ला फोन. जवळ कणकवलीचं उपजिल्हा रुग्णालय आणि ओरोसचं जिल्हा रुग्णालय आहे. उत्तरेकडे असताना कामथे, दापोली आणि डेरवण इथली रुग्णालयं लक्षात असावीत.

शनिवार : कुडाळ – सावंतवाडी – परत

सावंतवाडी सकाळीच उरकावी, दुपारच्या गाडीने परत. मालवण या फिरतीत घालायचा मोह टाळावा. तो वेगळा दिवस मागतो, आणि शनिवारची रात्र खातो.

रविवार

वापरलेल्या सुया लॉजच्या कचरापेटीत टाकायच्या नव्हत्या, त्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत आठवडाभर साठवून घरी आणलेल्या असतात. बाटली तीन चतुर्थांश भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून दवाखान्यात द्यायची. पेनाला सुई लावलेली राहिली असेल तर काढावी, तिच्यातून हवा आत जाते, इन्सुलिन गळतं आणि डोस चुकतो. पेनावरची तारीख बघावी. २८ दिवस याच आठवड्यात भरत असतील तर उरलेलं इन्सुलिन कितीही असो, सोमवारी नवीन पेन, त्यावर नवीन तारीख. बूट गॅलरीत, मोजे चुलीजवळ.